जहाज आत्ता कुठे आहे?

"समुद्रात किती आत?" हवालदारांनी विचारलं.

बाबा उभेच होते. खुर्ची पुढे केली तरी बसले नव्हते. "वीसेक मैल असंल," ते म्हणाले.

"मग आम्ही काय करणार? आमची हद्द किनाऱ्यापर्यंत. पाण्यातलं सागरी पोलीस बघतात."

"त्यांच्याकडूनच आलोय," मी म्हणाले. "ते म्हणतात, बारा मैलांपर्यंत आमचं. त्याच्या पलीकडचं मुंबईला विचारा."

हवालदार माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मला पाणी दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, तुमच्या वडलांचं खोटं आहे असं नाही म्हणत मी. पण जिथं घडलं ती जागाच माझ्या नकाशात नाही."

आमची होडी बुडाली त्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. डिसेंबरचे दिवस होते, समुद्रावर पहाटे धुकं धरायचं. बाबा म्हणजे हिराजी तांडेल. होडी त्यांची स्वतःची, सुकाणूही त्यांच्याच हातात. बरोबर चार खलाशी. उजाडता उजाडता धुक्यातून एक मोठं मालवाहू जहाज आलं आणि आमच्या 'एकविरा'ची नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, फोडून निघून गेलं. थांबलं नाही. पाचही जण पाण्यात पडले. मागून येणाऱ्या दुसऱ्या होडीने त्यांना उचललं म्हणून वाचले. चौघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पाचवा प्रणित, वय बावीस, नाळेपाशी उभा होता. त्याची मांडी आणि कंबरेचं हाड मोडलं. त्याला मुंबईला मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं होतं, आणि तो पुन्हा चालेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते.

बंदरावर मात्र वेगळंच बोललं जात होतं. मी मच्छिमार सोसायटीत बर्फाच्या आणि डिझेलच्या पावत्या फाडायचे, त्यामुळे सगळं कानावर यायचं. जहाज कसलं, म्हातारा सुकाणूवर पेंगला असणार. होडी खडकावर घातली असेल. एवढं मोठं जहाज दिसत नाही होय? प्रणितची आई द्रौपदाकाकी लेकाला घेऊन मुंबईला गेली ती जाताना बाबांशी एक शब्द बोलली नाही. बाबा धक्क्यापर्यंत तिच्या मागे गेले होते. तिने वळूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून बाबांनी धक्क्यावर जाणं सोडलं. ताटावर बसायचे आणि दोन घास खाऊन उठायचे.

पोलीस ठाण्यातून बाहेर पडलो आणि मी त्यांना सरळ सबनीस वकिलांकडे नेलं. तालुक्याच्या कोर्टासमोर एका पत्र्याच्या खोलीत त्यांचं ऑफिस. वय सत्तरीच्या पुढे, कानाला यंत्र. जमिनीची आणि वाटण्यांची कामं करण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग समोरच्या कोर्टाच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

"हे कोर्ट तुझं ऐकेल असं वाटतं तुला?"

"का नाही ऐकणार?"

"प्रत्येक कोर्टाला आपलं कुंपण असतं. कोणत्या गावातलं प्रकरण, कोणत्या प्रकारचं, केवढ्या किमतीचं. त्या कुंपणाबाहेरचं काही आणलं, तर न्यायाधीश कितीही चांगला असो, तो म्हणणार, मला अधिकार नाही. आणि ते बरोबरच असतं. शेजाऱ्याच्या बांधाचा दावा मी फौजदारी कोर्टात नेत नाही. नवरा-बायकोचं भांडण तहसीलदाराकडे नेत नाही."

"म्हणजे समुद्राचं कुठेच नाही?"

"आहे ना. अख्ख्या महाराष्ट्रात जहाज अडवायचा अधिकार एकाच कोर्टाला आहे. मुंबईचं हायकोर्ट. इथलं नाही, जिल्ह्याचंही नाही." त्यांनी फोन उचलला. "पण ते मला येत नाही. उगीच आव आणून तुमचा वेळ घालवणार नाही. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी तेच काम करते."

ती मुलगी म्हणजे फरीदा मुकादम. आमच्याच बाजूची, खाडीपलीकडच्या गावातली. सबनीसांनी दोन वाक्यांत हकिकत सांगितली आणि फोन माझ्या हातात दिला. मी पहिल्यापासून सांगायला लागले, पोलीस, बारा मैल, वीस मैल.

"थांब गो बाय," ती मध्येच म्हणाली. "कुठे घडलं ते राहू दे बाजूला. जहाज आत्ता कुठे आहे?"

आठवडाभरात हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मला उत्तर माहीत नव्हतं.

"नाव दिसलं का कोणाला?"

"दत्तू म्हणून खलाशी आहे. पाण्यात होता तेव्हा जहाजाची पाठ दिसली त्याला. शेवटची अक्षरं वाचली, 'दारा'. आणि रंग लाल."

"होडीचं काही उरलंय?"

"नाळेची एक फळी. दुसऱ्या होडीवाल्यांनी आणली. तिच्यावर लाल रंग घासलाय."

"ती फळी घेऊन उद्या सकाळी ये. वडलांना आण, दत्तूला आण. बाकी मी आज शोधते."

पहिल्या एसटीने निघालो. फळी गोणपाटात गुंडाळून बाबांनी मांडीवर धरली होती. कंडक्टरने वर टाकायला सांगितली तर म्हणाले, "नको, राहू दे."

फरीदाताईंचं ऑफिस फोर्टमधल्या जुन्या इमारतीत, लाकडी जिन्याच्या वर. चाळिशीच्या बाई, केस घट्ट बांधलेले, टेबलावर चहाचे तीन रिकामे कप. आम्ही आत जाताच त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला. निळ्या पाण्यावर बारीक बारीक त्रिकोण होते. प्रत्येक त्रिकोण म्हणजे एक जहाज.

"त्या पहाटे तुमच्या जागेवरून गेलेली, नावाच्या शेवटी 'दारा' असलेली एकच बोट. मिरादारा. मुंबईच्या बाहेर नांगर टाकून उभी आहे, धक्क्यावर जागा मिळायची वाट बघत."

दत्तूने फोटो पाहिला आणि मान हलवली. "हीच."

"आता नीट ऐका," फरीदाताई म्हणाल्या. "हिला गुजरातच्या बंदरात आधी जागा मिळतेय असं कळतंय. संध्याकाळी नांगर उचलेल. गुजरातच्या पाण्यात शिरली की मुंबईच्या कोर्टाचा हात तिथं पोहोचत नाही. मग तिकडच्या हायकोर्टात पहिल्यापासून. आणि तिथून निघून परदेशी गेली, तर कुठेच नाही."

"दावा कोणावर लावायचा?" मी विचारलं. "कॅप्टनवर?"

"जहाजावर."

बाबा पहिल्यांदाच बोलले. "जहाजावर? लोखंडावर?"

"हो नाखवा, लोखंडावर. मालक एका देशात, कंपनी दुसऱ्याच देशात, झेंडा तिसऱ्याचा. कॅप्टन उद्या विमानाने घरी जाईल. आपल्या हाताला लागेल असं जहाज तेवढंच आहे. म्हणून कायदा सांगतो, जहाजालाच पकडून उभं करा. मालक मग आपोआप येतो. टक्कर बारा मैलांच्या आत झाली की बाहेर, ते इथं आडवं येत नाही. आज जहाज या कोर्टाच्या पाण्यात उभं आहे, एवढं पुरे."

बाबांनी हे दोनदा समजावून घेतलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, पण पुरतं नाही.

बाबांचं प्रतिज्ञापत्र ताईंनी फोनवरच्या माहितीवरून रात्रीच तयार केलं होतं. इंग्रजीत होतं, त्या मराठीत सांगत गेल्या. "धुक्यातून जहाज येताना मी पाहिलं. मी भोंगा वाजवला. होडी डावीकडे वळवली..."

"भोंग्याचं काढा," बाबा म्हणाले.

ताई थांबल्या. "का? सगळ्यात महत्त्वाचं आहे ते. तुम्ही इशारा दिलात."

"काढा."

"बाबा, तुम्हीच सांगितलंत ना घरी," मी म्हणाले. "पहिल्या दिवशी."

"शपथेवर नको. जहाज पाहिलं ते ठेवा. भोंगा नको."

दत्तूला विचारलं तर तो आणि बाकीचे दोघे खलाशी आतल्या खणात झोपले होते. त्याला धक्क्यानेच जाग आली होती. प्रणित शुद्धीवर होता, पण औषधांच्या गुंगीत त्याला अजून नीट बोलता येत नव्हतं. मला वाटलं, दमलेत, घाबरलेत, कोर्टाच्या कागदावर कमीत कमी लिहावं असं वाटतंय. ताईंनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि ते वाक्य खोडलं. बाबांनी सही केली.

दुपारी हायकोर्टात तातडीची म्हणून सुनावणी मिळाली. उंच छताची खोली, वर संथ फिरणारे पंखे. न्यायाधीश बाई होत्या. सगळं इंग्रजीत चाललं होतं, मला निम्मं समजत होतं. फळी टेबलावर ठेवली गेली तेव्हा दोन-तीन वकील मान लांब करून बघायला लागले. त्या खोलीत ती फार लहान दिसत होती.

न्यायाधीशांनी नकाशे पाहिले, जहाजाचा मार्ग पाहिला. मग एक प्रश्न विचारला, तो मला स्पष्ट कळला. मच्छिमार होडीने काही इशारा दिला होता का?

फरीदाताई शांतपणे म्हणाल्या की प्रतिज्ञापत्रात त्याबद्दल काही नाही. अर्जदाराला जेवढं शपथेवर खात्रीने सांगता येतं, तेवढंच त्यांनी सांगितलं आहे.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून मागच्या बाकाकडे पाहिलं. बाबा हात जोडून उभे राहिले. मी त्यांची बाही ओढली तरी बसेनात. न्यायाधीशांनीच हाताने बसायची खूण केली. मग त्यांनी विचारलं, जहाज या क्षणी कुठे आहे?

ताईंच्या सहायकाने फोन पुढे केला. अजून तिथंच होतं.

पुढचं बोलणं न्यायाधीशांनी लघुलेखकाला सांगितलं. सावकाश, स्वल्पविरामासकट. ताईंनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्या म्हणाल्या, "अटक झाली."

"कोणाला?" दत्तूने विचारलं.

"जहाजाला रे!" आणि त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की शिपाई बघायला लागला.

पण हुकूम झाला म्हणजे जहाज थांबलं असं नाही. बंदराच्या ऑफिसला आणि कस्टमला कळवून त्याची परवानगी रोखायची, आणि हुकूम प्रत्यक्ष जहाजावर जाऊन चिकटवायचा. ते काम शेरीफच्या ऑफिसचं. तिथले अधिकारी खरातसाहेब हातात कागद आणि पिशवीत गोंदाची बाटली घेऊन तयार होते. दावा लावणाऱ्यांपैकी कोणीतरी बरोबर लागतं, जहाज हेच हे सांगायला.

"मी जातो," बाबा म्हणाले.

"मी पण," मी म्हणाले. दत्तूला फळी सांभाळायला ताईंपाशी ठेवलं.

भाऊच्या धक्क्यावरून लाँच केली. ऊन कलायला लागलं होतं. बाहेर नांगरलेली जहाजं लांबून छोटी वाटत होती, जवळ जावं तशी ती वाढत जायची. मिरादाराजवळ पोहोचलो तर वर बघताना मान दुखायला लागली. लाल भिंतच. खरातसाहेबांनी बिनतारी फोनवरून कळवलं, बराच वेळ उलटसुलट बोलणं झालं, शेवटी वरून शिडी खाली आली. लाँचवाला म्हणाला, "त्यांचा नांगर उचलायची तयारी चाललेली. दिसतंय ना, पुढे माणसं उभी."

बाबा मात्र नाळेकडे बघत होते. पाण्याच्या जरा वर, लाल रंगावर एक लांब ओरखडा होता, आणि त्या ओरखड्यात निळा रंग. आमच्या होडीचा निळा. दर पावसाळ्यात मी आणि आई तो लावायचो.

लाँचच्या कठड्याला धरलेली बाबांची बोटं पांढरी पडली होती.

साठीचा माणूस, पण शिडी ते माझ्याआधी चढले. वर कॅप्टन होता, परदेशी, गोरटेला, घामेजलेला. तो खरातसाहेबांशी इंग्रजीत वाद घालत होता. आम्ही कोणाला धडकलो नाही. एखादा ओंडका असेल. खरातसाहेब फक्त "यस, यस" म्हणत राहिले आणि शांतपणे हुकमाला गोंद लावून तो काचेवर चिकटवला. मग हाताने नीट दाबला, चारही कोपरे. कॅप्टन गप्प झाला. पुढच्या बाजूला नांगराच्या यंत्रापाशी उभी असलेली माणसं एकेक करून मागे सरली.

बाबा कठड्यापाशी एकटे उभे होते. मी पाहिलं तर एक तरुण अधिकारी त्यांच्याकडे चालत येत होता. आपल्याकडचा होता, खांद्यावर पट्ट्या, चेहरा सुकलेला. बाबांच्या पायातल्या चपला आणि उन्हाने रापलेले हात बघूनच त्याने ओळखलं असावं. तो हिंदीत म्हणाला, "बाबूजी, वो बोट आपकी थी?"

बाबांनी मान हलवली.

"सब लोग..."

"जिंदा है," मी म्हणाले. "एक लड़का अस्पताल में है।"

त्याने डोळे मिटले. मग एका दमात बोलला. त्या पहाटे पहाऱ्यावर तोच होता. त्याने कॅप्टनला उठवून सांगितलं होतं, पण थांबायचं नाही असं ठरलं. त्यानंतर त्याला झोप नव्हती. "मैंने आपकी बत्ती देखी थी. देर से देखी. आपने भोंपू भी बजाया था. दो बार. मैंने सुना था."

"दो बार?" बाबांनी विचारलं.

"दो बार. मुझसे जो पूछेंगे, मैं लिखके दूँगा."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या पोराच्या डोळ्यांतून पाणी आलं.

परत येताना लाँचमध्ये बाबा माझ्या शेजारी बसले होते. मुंबईच्या इमारती पुढ्यात वाढत होत्या. ते म्हणाले, "जये, मना वाटलेला मी खरंच झोपलो होतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पहिल्या दिवशी आठवत होता सगळा. भोंगा, सुकाणू, सगळा. मग लोकं बोलायला लागली. द्रौपदा तशी गेली. रोज डोळे मिटले का तेच बघायचो, आणि दर वेळेस थोडं कमी दिसायचं. भोंगा वाजवला का नाय? वाजवलाच नसंल. लोकं बोलतात म्हणून मीच मनात घातला असंल. प्रणितच्या पायाची शपथ घेऊन खोटं कसं लिहू?"

"म्हणून भोंग्याचं काढलंत."

"दोनदा वाजवला," ते म्हणाले, स्वतःशीच. "दोनदा." आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. नंतर लाँचवाल्याला विचारलं, "धक्क्यावर वडापाव मिळंल काय रे? भूक लागली."

धक्क्यावर त्यांनी तीन खाल्ले. उभ्या उभ्याच.

पुढे सगळं व्हायचं तसं झालं. जहाज अडकल्यावर मालकांचे वकील धावत आले, कोर्टात हमी भरली, मगच ते सुटलं. दोन्ही रंग तपासले गेले. त्या तरुण अधिकाऱ्याने खरंच लिहून दिलं. प्रकरण मिटायला दीड वर्ष गेलं. प्रणितच्या पायावर आणखी दोन शस्त्रक्रिया झाल्या, त्यांचा खर्च मालकांनीच केला. तो आता चालतो. जरा झुकून, पण चालतो, आणि सोसायटीच्या बर्फ कारखान्यावर कामाला आहे. आमची नवी होडीही आली.

पण मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. फरीदाताईंच्या घरी मुक्काम करून आम्ही इस्पितळात गेलो. लांब वॉर्ड, शेवटची खाट. प्रणित टेकून बसला होता, गुंगी उतरली होती. त्याला आणि काकीला आदल्या संध्याकाळी ताईंनी फोन करून त्या अधिकाऱ्याने भोंगा ऐकल्याचं सांगितलं होतं. आम्हाला पाहताच तो म्हणाला, "काका, मी आईला सांगत होतो, भोंगा झाला म्हणून. पण माझ्या तोंडातून शब्दच फुटत नव्हता धड."

द्रौपदाकाकी खाटेशेजारच्या बाकावर बसली होती. मांडीवर टॉवेल, त्याची घडी ती घालत होती, मोडत होती. बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. पुढे गेले नाहीत. वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत मधून गेला.

मग काकीने टॉवेल बाजूला ठेवला आणि बाकावर सरकून जागा केली.

"बसा, नाखवा," ती म्हणाली. "उभे कशाला?"

बाबा बसले.